ग्रॅनोला नावाचा चुरा

माणसाने शत्रू आपल्या तोलामोलाचा निवडावा म्हणतात. माझा शत्रू काचेच्या बरणीत राहतो. त्याचे नाव ग्रॅनोला.

तो घरात शिरला माझ्याच रक्ताच्या वाटेने. तपासणीत उपाशीपोटीची साखर ११२ निघाली. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात. नाश्ता जरा हेल्दी करा." झाले! आमच्या सौ.नी पोह्यांची कढई माळ्यावर टाकली. "बाबा, विकतच्या ग्रॅनोलात साखर फार असते, आपण घरीच करू," कन्या म्हणाली. मी गहिवरलो.

हा गहिवर कृती पाहीपर्यंत टिकला. ओट्स ३०० ग्रॅम, बदाम-अक्रोड वाटीभर, भोपळ्याच्या बिया मूठभर. इथवर माझी हरकत नाही. मग त्यावर अर्धा कप मध आणि पाव कप तेल! सगळे कालवून ओव्हनमध्ये १५० अंशांवर अर्धा-पाऊण तास. बेदाणे मागाहून, कारण आधी घातले तर जळून कडू होतात. बाहेर काढल्यावर हात लावायचा नाही; गार होताना मध आवळतो आणि खडे जमतात.

आता मला सांगा, गोड पाकात दाणे घोळवून गार केले की जे होते त्याला आपल्याकडे काय म्हणतात? वडी पडली तर चिक्की, फसली तर ग्रॅनोला! फसलेल्या चिक्कीचा चुरा माझी आजी आम्हा पोरांच्या हातावर खाऊ म्हणून ठेवी. नाश्ता म्हणून तिने तो कधी वाढला नाही, आणि 'हेल्दी' तर मुळीच म्हटले नाही.

"अहो, पण हा मध आहे, साखर नाही," इति सौ. अर्धा कप मध भरतो सुमारे १७० ग्रॅम. त्यात पाचातले चार भाग साखरच. एका खात्यातून काढलेली रक्कम दुसऱ्या नावाच्या खात्यात भरली, तर आम्ही बँकेतले लोक तिला बचत म्हणत नाही.

बरे, याचे मूळ तरी बघा. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलच्या आरोग्यधामात डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी कोंड्यासकट गव्हाचे पीठ भाजून, फोडून, पुन्हा भाजून 'ग्रॅन्युला' काढला. इतका कडक, की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दात लागत नसे. पुढे बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉगनी तसाच पदार्थ त्याच नावाने काढला. तंटा झाला आणि 'ग्रॅन्युला'चा 'ग्रॅनोला' झाला. कालांतराने पथ्य गेले, मध-तेल आले. आरोग्याची पाटी तेवढी जागेवर राहिली. माल बदलला तरी पाटी न बदलणारे दुकानदार आपण पाहतोच.

भाजके धान्य खायला माझा विरोध नाही. आमचे सातूचे पीठ दुसरे काय आहे? गहू आणि डाळे भाजून दळायचे, हवे तेव्हा दुधात कालवायचे. पण त्यात गूळ किती घालायचा हे खाणारा वाटीत ठरवतो. डब्यातच कोणी पाक ओतून ठेवत नाही. माझे भांडण एवढेच आहे. गोड खा, पण त्याला गोड म्हणून खा!

दोन महिन्यांत माझे वजन दोन किलोंनी वाढले. पुरावा हातात आला तेव्हा मी बंड केले. रविवारी कढई माळ्यावरून उतरवली. ओट्स कोरडे भाजले, पोहे भाजले, दाणे, डाळे, चमचाभर तेलात मोहरी-हिंग-कढीपत्ता. मध शून्य. "हा खरा ग्रॅनोला!" मी जाहीर केले.

सौ.नी चिमूटभर तोंडात टाकला. "अहो, हा तर चिवडा आहे."

कन्येने माझ्यासमोरच्या रिकाम्या वाट्या मोजल्या. तीन होत्या. "बाबा, तो ग्रॅनोला आम्ही दोघी दह्यावर चार चमचे घालून खायचो. तू वाटी शिगोशीग भरायचास. वजन आमचं का नाही वाढलं?"

हा मुद्दा मूळ विषयाला सोडून असल्यामुळे मी त्याचे उत्तर दिले नाही. चौथी वाटी मात्र परत बरणीत ओतली.