रोहा नव्हे, पोक्सा!

रविवारी सकाळी पेणला मेमू पकडायची, कासू-नागोठणे-निडी करत रोह्याला उतरायचं आणि मावशीच्या ओट्यावर पोह्यांची डिश हातात घेऊन रशियन शिकवायचं. सध्या माझे वीकएंड्स हे असे चाललेत. हसू नका! शिकवायचं म्हणजे काय, तर कॉलेजात असताना हौसेनं एक कोर्स जॉइन केला होता आणि नेहमीप्रमाणे अर्धवट सोडला होता. पण अक्षरं डोक्यात राहिली. मावसबहिणीला नेमकी तीच हवीयत. नीटमध्ये सरकारी सीटइतके मार्क पडले नाहीत, खासगी कॉलेजची फी ऐकून काकांनी फोनच ठेवला. मग रशिया. कर्ज मंजूर झालंय, सप्टेंबरात फ्लाइट. वर्गात इंग्रजी चालणार आहे, पण वॉर्डातल्या आजीबाई काही तिच्यासाठी इंग्रजी बोलणार नाहीत.

पहिल्या दिवशी मी कागदावर चार अक्षरं काढली आणि म्हटलं, वाच. तिनं झटक्यात वाचलं, ‘पोक्सा’. मी म्हटलं, बाई गं, हे तुझं गाव आहे. रोहा!

घोळ इथेच होतो. रशियन लिपीत अक्षरं ३३. त्यातली काही अगदी इंग्रजी कॅपिटल्ससारखी दिसतात आणि तीच गळा कापतात. पी दिसला तर तो र. बी म्हणजे व, एच म्हणजे न, सी म्हणजे स, वाय म्हणजे उ. आणि एक्स म्हणजे घशातून खरवडून काढलेला ख. त्यांच्याकडे आपला ह नाहीच, म्हणून रोह्याचा ‘रोखा’ होतो. हॉटेलवरची ‘रेस्तरान’ ही पाटी इंग्रजी डोळ्यांना ‘पेक्टोपाह’ दिसते, हा टुरिस्टांचा जुना जोक.

मग मी ठरवलं, इंग्रजी बंद. थेट देवनागरीतून जायचं. आणि मंडळी, इथे मराठी माणसाची चक्क लॉटरी लागते. रशियनमध्ये दोन वेगवेगळे च आहेत, त्यांना अक्षरंही वेगळी. दिल्लीकराला त्यासाठी जीभ वळवावी लागेल. आपल्याला? ‘चहाचा चमचा’ म्हणा. चहातला एक, चमच्यातला दुसरा. झालं! लिहिताना आपण दोघांना एकाच अक्षरात कोंबतो, रशियन लोक प्रत्येकाला स्वतंत्र खोली देतात, एवढाच फरक. ‘प्लेझर’मधल्या झ चं अक्षर हुबेहूब खेकड्यासारखं, सहा पायांचं. ते कोकणातल्या मुलीला वेगळं पाठ करावं लागलं नाही.

दोन अक्षरांना तर स्वतःचा आवाजच नाही. त्यातलं एक आधीच्या व्यंजनाला मऊ करतं, जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून. माझ्या पेणचं काय होतं बघा. ण त्यांच्याकडे नाही, म्हणून आधी ‘पेन’. त्यावर हे मऊ चिन्ह लावलं की शब्द होतो ‘प्येन्य’, म्हणजे झाड तोडल्यावर उरलेला बुंधा. बोलीभाषेत ठोंब्या. मावसबहीण तेव्हापासून मला त्याच नावानं हाक मारते.

सगळं सोपं नाही. इ आणि उ यांच्या मधोमध अडकलेला एक स्वर आहे. ओठ ई चे ठेवायचे, जीभ मागे ओढायची. आम्ही दोघी ते करत बसलो की काका टीव्हीचा आवाज वाढवतात.

पण खरी गोची मी करून ठेवली होती. तिनं सगळी वही देवनागरीत लिहिली. ‘कुठे दुखतंय?’ याला रशियनमध्ये ‘ग्द्ये बलीत?’ लिहिलेलं मात्र ‘बोलित’. कारण आघात नसलेला ओ तिथे आ-सारखा ऐकू येतो. दुधाला लिहायचं ‘मोलोको’, म्हणायचं ‘मलको’. देवनागरीत कान लिहिला तर स्पेलिंग बुडतं, स्पेलिंग लिहिलं तर कान बुडतो. तिसऱ्या रविवारी मी वही काढून घेतली. ती रडली. म्हणाली, तिथे कोणी समजलंच नाही मला तर? माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, चल, नदीवर जाऊ.

कुंडलिकेकाठी तिला निकितिनची गोष्ट सांगितली. ही नदी पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते, पलीकडे लागूनच चौल. १४६९ च्या सुमारास त्वेर गावचा अफानासी निकितिन हा व्यापारी तिथे उतरला, सोबत एक घोडा. जुन्नरच्या खानानं घोडाच काढून घेतला, नंतर परत दिला. हा गडी तरी दोन-तीन वर्षं इकडे राहिला आणि ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ लिहून ठेवला. त्यात जागोजागी तुर्की-फारसी शब्द आपल्या रशियन अक्षरांत लिहिलेत. त्याचा स्तंभ रेवदंड्याला शाळेच्या आवारात आहे.

‘म्हणजे त्यानंही वही घातलीच की माझ्यासारखी,’ ती म्हणाली.

वही परत दिली. अट एकच, रोज एक पान रशियन अक्षरांत.

गेल्या रविवारी मावशी मसाल्याची पाकिटं भरत होती. नावं रशियनमध्ये हवीत, कस्टमवाल्यानं विचारलं तर? हळद लिहायला गेलो तर ह नाही, ळ नाही, होतंय ‘खालाद’. शेवटी त्यांचा शब्द लिहिला, ‘कुरकुमा’. बॅगेवर मात्र तिनं गावाचं नाव स्वतः मार्करनं घातलं, तीच चार अक्षरं.

मावशी हात पुसत आली. बोट ठेवून वाचायला लागली. र... ओ... ख... आ. इतके रविवार ती आत भाकऱ्या थापत होती, असं आम्हाला वाटत होतं.

‘काय गं,’ ती म्हणाली, ‘या लोकांना साधा ह म्हणता येत नाही?’