खाण तशी माती, पण तेवढेच का?



'गणित त्याच्या रक्तातच नाही,' हे वाक्य तुम्ही घरी किंवा वर्गात कधीतरी ऐकले असेल. कोणाची हुशारी दिसो वा चूक, आपण 'खाण तशी माती' म्हणून मोकळे होतो. माझ्या मते हा निकाल फार घाईचा आहे. का, ते एका माशाकडे पाहून ठरवू या.

आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात पेरिसोडस मायक्रोलेपिस नावाचा मासा राहतो. त्याचे अन्न म्हणजे दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले! तो मागून हळूच येतो, भक्ष्याच्या कुशीवर झडप घालतो आणि खवले ओरबाडून पसार होतो. त्याचे तोंड सरळ नसते. काहींचे उजवीकडे वळलेले असते, काहींचे डावीकडे. उजवीकडे वळलेल्या तोंडाचा मासा भक्ष्याच्या डाव्या कुशीवर हल्ला करतो. असे का? मित्राच्या मागे, जरा त्याच्या डाव्या बाजूला उभे राहा. त्याचे अंग तुमच्या उजव्या हाताला येईल!

जपानी शास्त्रज्ञ मिचिओ होरी यांनी १९९३ साली दाखवून दिले, की सरोवरात हे दोन्ही प्रकार साधारण निम्मे निम्मे राहतात. उजव्या तोंडाचे मासे वाढले, की भक्ष्य मासे आपली डावी कूस जास्त जपू लागतात. मग डाव्या तोंडाच्या माशांचे फावते आणि त्यांची प्रजा वाढते. काही काळाने पारडे पुन्हा फिरते. म्हणजे कोणते तोंड फायद्याचे, हे इतरांची तोंडे कशी आहेत त्यावर ठरते.

तोंडाची बाजू आईबापांकडून येते, असे होरी यांनी मांडले. मात्र ते सारे एकाच जनुकाच्या जोडीने ठरते का, याविषयी पुढे मतभेद झाले.

मग हल्ल्याचे कसब तरी जन्मजात असेल ना? ताकेउची आणि ओदा या शास्त्रज्ञांनी ते तपासले व २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी पिल्लांना खवल्यांची चवही न देता, तयार गोळ्यांवर वाढवले. पुढे भक्ष्य समोर येताच पिल्लांनी प्रथम दोन्ही बाजूंनी हल्ले केले. एका बाजूने हल्ला करताना अंगाला अधिक जोरदार बाक देणे त्यांना पहिल्यापासून जमत होते. परंतु तीच बाजू आपली, हे त्यांना अनुभवानेच उमगले. सरावाबरोबर यशही वाढत गेले.

जन्माने कल दिला, सरावाने कसब दिले आणि त्या कसबाचे मोल भोवतालच्या माशांनी ठरवले. यातले एकच कारण उचलून 'रक्तातच आहे' म्हणणे, म्हणजे तीन आकड्यांच्या बेरजेत एकच आकडा मांडणे.

माशावरून माणसाविषयी सिद्धांत काढू नयेत, हे खरे. पण खवले खाणाऱ्या माशालाही जर शिकावे लागते, तर दहा-बारा वर्षांच्या मुलाचा निकाल आपण इतक्या लवकर का लावावा? पुढच्या वेळी कोणी 'हे तुझ्या रक्तात नाही' म्हणाले, तर नम्रपणे विचारा: 'सराव किती झाला, तेही मोजले का?'