दुर्गम तालुक्यांचा निधि आणि ३१ मार्च

मागासलेल्या विभागांच्या अनुशेषाची कथा शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. दांडेकर समितीनें १९८४ सालीं तो मोजून दिला. राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमान्वयें १९९४ सालीं विकास मंडळें स्थापन झालीं, व त्यांची मुदत २०२० च्या एप्रिलांत संपली. या सर्व काळांत वाद चालला तो बहुधा कोणास किती कोटि मिळावे एवढ्याचाच. मीं महसूल खात्यांत कारकुनी केली; कोटींचा हिशेब माझ्या मेजापर्यंत कधीं आला नाहीं. मात्र आलेला पैसा परत कसा जातो हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे. सबब तेवढ्याविषयींच लिहितों.

गडचिरोली जिल्हा घ्या. १९८२ सालीं चंद्रपुरापासून निराळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरांचा असून बहुतेक वनाखालीं आहे. २०११ च्या शिरगणतींत तेथें दर चौरस किलोमीटरास ७४ माणसें भरलीं. राज्याची सरासरी ३६५. डोकीं मोजून वांटणी केल्यास कागदावर न्याय होतो, परंतु वस्ती विरळ म्हणून रस्ता आंखूड होत नाहीं, कीं नदी अरुंद होत नाहीं. भामरागडापाशीं इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यांत पूर चढला म्हणजे तिकडील गांवांची वाट बंद होते. नाले उतरून, धानाची कापणी-मळणी आटोपून मजूर मोकळा होतो तों डिसेंबर उजाडतो. मग मान्यता, अंदाजपत्रक, निविदा. आणि इतक्यांत ३१ मार्च! पात्रें कोरडीं असतात ते एप्रिल-मे महिने कामास उत्तम, पण तेव्हां जुना निधि बुडालेला व नवा यावयाचा असतो. (मे महिन्यांत मजूरही तेंदूपानांच्या तोडणीस जातो, हें राजधानींत कोणाच्या ध्यानीं नसतें.)

एका तालुक्याच्या कचेरींत असतांना नाल्यावरील एका रपट्याचें काम मंजूर झालें. धान खरेदी केंद्रावर नेण्यास त्या गांवास तो नाला ओलांडणें भाग होतें. पैसा आला फेब्रुवारीच्या अखेरीस. ठेकेदार फिरकेना, दरसूचींतील दरांत खडीची वाहतूकही भागत नव्हती. निधि समर्पित केल्याचें पत्र ३१ मार्चच्या रात्रीं मींच लिहिलें. पुढें वरून शेरा आला कीं, तालुक्याची खर्च करण्याची क्षमता नाहीं. आणि त्याच शेऱ्याच्या आधारें पुढल्या मागणीस कात्री लागली. गांवच्या पाटलानें विचारलें, "बाबूजी, पैसे आले होते म्हणता, मंग गेले कोठं?" मजजवळ नियम होता, उत्तर नव्हतें.

ईशान्येकडील राज्यांकरितां याहून शहाणपणाची व्यवस्था झाली होती. केंद्रीय खात्यांनीं अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा तिकडे राखावा, व त्यांतील न खर्चलेला भाग बुडूं न देतां स्वतंत्र कोशांत हिशेबीं धरावा, अशी योजना १९९८ च्या सुमारास निघाली. २०१७ नंतर तिची जागा दुसऱ्या योजनेनें घेतली. तथापि दूरच्या मुलखाचा पैसा उशीर झाला तरी त्याचाच राहतो, हें तत्त्व तिनें मान्य केलें. आपल्या दुर्गम तालुक्यांचा निधि तीन वर्षेंपर्यंत तालुक्याच्या नांवें शिल्लक कां राहूं नये? आणि दर ठरवितांना प्रत्यक्ष वाहतुकीचें अंतर कां धरूं नये?

यावर आक्षेप असा कीं, मुदतीचा धाक गेला म्हणजे कचेऱ्या आळसावतील. हा आक्षेप खोटा नाहीं. आळस मीं जवळून पाहिला आहे, व क्वचित् केलाही आहे. त्यासाठीं तिमाही प्रगतीचा जाब अधिकाऱ्यास विचारावा. रपटा हिरावून गांवास शिक्षा करणें हा त्यावरील उपाय नव्हे.

जिल्हा नियोजन समितीपुढें हा प्रश्न नेण्यापूर्वीं आपल्या तालुक्यांतून गेल्या पांच वर्षांत कोणत्या कामांचा किती निधि समर्पित झाला, याची यादी सभासदांनीं मागवावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीं तसा अर्ज करतां येतो. अर्जाचें शुल्क दहा रुपये आहे.