भिंत कोणाची?

दर वर्षी ३० सप्टेंबर आला की आमच्या भागात श्रद्धांजलीचे फलक लागतात, भाषणे होतात आणि १ ऑक्टोबरला सारे विसरले जाते. १९९३ साली त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. तरीही या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार आहे, कारण त्या भूकंपात तडकलेल्या घरातच मी आजही झोपतो.

१९६७ च्या डिसेंबरात कोयनेला जवळजवळ याच ताकदीचा भूकंप झाला होता. तेथे दीडशेहून अधिक बळी गेले. मग किल्लारीला इतके का? दाट वस्ती हे एक कारण. मोठे कारण आमच्या भिंतीत आहे. मराठवाड्यातली जुनी भिंत दोन-अडीच फूट रुंद, बाहेरून गढीसारखी भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. बाहेर दगडांचा एक थर, आत दुसरा, मध्ये माती आणि गोटे. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड त्यात नसतो. डोक्यावर माळवदाची माती, तीही गळती थांबवायला वर्षानुवर्षे वाढवत नेलेली. भिंत हादरली की दोन्ही थर फुगून सुटतात आणि सारा भार माणसावर येतो. आज्जी म्हणते, "भुई हालली ती घटकाभर. माणसं मेली ती आपल्याच दगडाखाली."

शासनाचे काय चुकले? १९९२ साली किल्लारी परिसरात धक्के बसले होते, लोक भीतीने बाहेर झोपत होते. पण नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. धक्के थांबले आणि लोक पुन्हा माळवदाखाली गेले. तो पट्टाच नकाशातून रद्द व्हायला २००२ साल उजाडले!

नंतर शासनाने काही केले नाही असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. बावन्न गावे नव्या जागी वसली. जी गावे हलवली नाहीत तेथे जुनी घरे मजबूत करण्यासाठी अनुदान आले. भिंतीला भोके पाडून त्यांत लोखंड आणि काँक्रीट भरायचे, वर जाळीचा पट्टा बांधायचा, अशी साधी युक्ती होती. पण बहुतेकांनी त्या पैशातून अंगणात एक नवी खोली बांधली आणि जुनी भिंत तशीच सोडली. आमच्या आजोबांनीही तेच केले. आज त्या पक्क्या खोलीत धान्याची पोती सुरक्षित आहेत आणि आम्ही माळवदाखाली झोपतो. उन्हाळ्यात तेथे गार वाटते ना! याला मायबाप सरकार काय करणार?

करण्यासारखे आहे, नाही असे नाही. अनुदान देताना भिंत पाहायला दुसऱ्यांदा कोणी आले नाही, ते यायला हवे होते. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, पण आमच्या गावच्या गवंड्याला आरपार दगड का घालायचा हे अजून कोणी सांगितलेले नाही.

आणि आपण? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरसाल देवळाचे आवार झाडतो, फोटो काढतो. प्राध्यापक महाशयांना माझी विनंती आहे, यंदा एका गावातल्या जुन्या भिंती मोजू. कोणत्या घरात किती माणसे माळवदाखाली झोपतात एवढे जरी वहीत उतरवले तरी ग्रामसभेपुढे ठेवता येईल. सुरुवात माझ्या घरापासून करावी. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी बापूंजवळ विषय काढला. त्यांनी भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "सोयाबीनचे पैसे येऊ दे, मग बघू." पैसे आले, ते बी-बियाणाच्या उधारीत गेले. पोती अजून पक्क्या खोलीतच आहेत.