धांवण्यांतील संयम

व्यायामाचें महत्त्व कोणास नव्यानें पटवून द्यावें लागेल, असा हा काळ नव्हे. यवतमाळ शहराबाहेरील रस्त्यांवर, तसेंच पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड या गांवांच्या आसपास पहाटे फिरावयास निघालें असतां धांवणारीं मुलेंमुली दृष्टीस पडतात. कोणी पोलीस-भरतीसाठीं, कोणी सैन्यांत जाण्यासाठीं, तर कोणी शालेय स्पर्धांसाठीं घाम गाळीत असतो. हें दृश्य पाहून कोणासहि समाधानच वाटेल. तथापि या उद्योगांत एक दोष सर्रास आढळतो, व त्याकडे विद्यार्थ्यांचें आणि पालकांचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें. तो दोष म्हणजे रोजच्या लांब पल्ल्याच्या धांवण्यालाहि शर्यतीचें स्वरूप देणें.

भरतीची संधि वारंवार येत नाहीं, आणि पुष्कळ घरांत तिच्यावर साऱ्या कुटुंबाची आशा खिळलेली असते. अशा वेळीं जो मुलगा रोज ऊर फुटेपर्यंत धांवतो, तो पहिल्या पंधरवड्यांत झपाट्यानें सुधारतो, हें खरें. परंतु पुढें नडगी ठणकूं लागते, गुडघा सुजतो, आणि ऐन परीक्षेच्या दिवशीं त्याला घरीं बसावें लागतें. याचें कारण उघड आहे. हृदय व स्नायू नव्या श्रमांना कांहीं आठवड्यांत सरावतात. हाडें व कंडरा यांना मात्र कित्येक महिने लागतात. मन तयार, दम तयार, पण हाड तयार नाहीं, अशा स्थितींत केलेली घाई म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधण्यासारखीच होय.

आपल्या विदर्भांतील शंकरपट कोणास ठाऊक नाहीं? पटावरची जोडी कांहीं सेकंदच धांवते. वखराला जुंपलेली जोडी दिवसभर काळ्या मातींत चालते. वखराच्या बैलांना सकाळींच पराणी टोचून पळविणारा शेतकरी शहाणा ठरत नाहीं. आपल्या बैलांविषयीं आपण जें तारतम्य बाळगतों, तें आपल्या मुलांच्या पायांविषयीं कां बाळगूं नये?

सौम्य गतीनें बराच वेळ धांवल्यास हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढें ढकलूं लागतें, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचें जाळें दाट होतें, आणि प्राणवायूच्या साहाय्यानें चरबी जाळून शक्ति उत्पन्न करण्याचें पेशींचें सामर्थ्य वाढतें. १६०० मीटरांची धांव पांचसहा मिनिटांचीच असते. तरीहि तिला लागणाऱ्या शक्तीचा मोठा भाग प्राणवायूच्या साहाय्यानेंच मिळतो. म्हणजे संथ धांवण्यांत वेळ फुकट जातो, हा समज खरा नव्हे.

आतां ही योग्य गति ओळखावी कशी? याकरितां महाग घड्याळाची आवश्यकता नाहीं. पहिली कसोटी संभाषणाची. धांवतां धांवतां सोबत्याशीं पूर्ण वाक्यें बोलतां आलीं पाहिजेत. दर दोन शब्दांमागें श्वास घ्यावा लागला, तर गति अधिक झाली असें समजावें. दुसरी कसोटी नाडीची. २२० मधून वय वजा केल्यास हृदयाच्या कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो; सोळा वर्षांच्या मुलाचा तो २०४ होतो. त्याच्या ६० ते ७५ टक्के, म्हणजे मिनिटाला सुमारें १२२ ते १५३ ठोके, ही सौम्य धांवण्याची मर्यादा. थांबतांक्षणीं १५ सेकंद नाडी मोजून चारानें गुणिलें कीं झालें. तिसरी कसोटी शेवटाची. परत आल्यावर आणखी एकदोन किलोमीटर सहज धांवलों असतों, असें वाटलें पाहिजे.

आंकडेच हवे असतील, तर तेहि देतों. अलीकडच्या पोलीस-भरतींत मुलांना १६०० मीटर ५ मिनिटें १० सेकंदांच्या आंत धांवल्यास पूर्ण २० गुण मिळतात. ही गति किलोमीटरला सुमारें ३ मिनिटें १४ सेकंद पडते. इतकी तयारी असलेल्या मुलानेंहि लांब पल्ल्याचें धांवणें किलोमीटरला निदान दोन मिनिटें अधिक घेऊन, म्हणजे सव्वापांच मिनिटांहून संथच ठेवावें. ज्याला १६०० मीटरांस ७ मिनिटें लागतात, त्यानें सहा-साडेसहा मिनिटांहून घाई करूं नये. मुलींनींहि आपल्या ८०० मीटरांच्या तयारींत हेंच तत्त्व पाळावें. आपल्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४२ अंशांच्या वर चढतो. उष्म्यांत तेवढ्याच गतीला हृदयास अधिक श्रम पडतात. म्हणून त्या दिवसांत व चढावर घड्याळाकडे न पाहतां श्वासाकडेच पाहावें.

कोणी म्हणेल, संथ धांवणारा शेवटीं संथच राहणार. या आक्षेपाला इतिहासानें उत्तर दिलें आहे. न्यूझीलंडचे शिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या शिष्यांना डोंगराळ रस्त्यांवरून सुमारें ३५ किलोमीटर धांवावयास लावीत. केवळ ८०० मीटर धांवणाऱ्या पीटर स्नेल यांचीहि त्यांतून सुटका नव्हती. १९६० सालीं रोम येथील ऑलिंपिकमध्यें त्याच स्नेल यांनीं ८०० मीटरांचें, आणि त्यांचे गुरुबंधु मरे हॅलबर्ग यांनीं ५००० मीटरांचें सुवर्णपदक एकाच दिवशीं जिंकलें. पुढें स्टीफन सायलर या संशोधकांनीं श्रेष्ठ खेळाडूंचा सराव तपासला. तेव्हां दहा सत्रांपैकीं सुमारें आठ सत्रें सौम्यच असतात, असें त्यांना दिसून आलें. उरलेलीं दोन सत्रें जोराचीं असतात, हेंहि विसरूं नये. वेगाचा सराव मुळींच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. तो आठवड्यांतून एकदोन दिवस, ताज्या पायांनीं करावा, इतकेंच आम्ही सांगतों.

आपल्याकडील उदाहरणेंहि थोडीं नाहींत. बेळगांवचे फडेप्पा चौगुले यांनीं १९२० सालीं अँटवर्प येथें ४२ किलोमीटर ७५० मीटरांची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. किलोमीटरला जवळजवळ ४ मिनिटें पडणारी गति अखेरपर्यंत टिकविण्यास केवळ आवेश पुरत नाहीं. बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे लहानपणीं शाळेचें कित्येक किलोमीटरांचें अंतर चालत-धांवत जात. तेथें ना पंच होता, ना घड्याळ. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं ३००० मीटरांची अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत संपवून रौप्यपदक मिळविलें; सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदानें हुकलें. शेवटच्या फेरींतील तो जोर एका दिवसांत सांचलेला नव्हता.

पालकांस आमची एक नम्र विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी धांवून घरीं परतली म्हणजे "आज किती मिनिटांत आलास?" हा प्रश्न रोज विचारूं नये. त्या प्रश्नानें मूल उद्यां अधिक जोरानें धांवेल, आणि परवां लंगडेल. त्याऐवजीं "दम शिल्लक होता का? कोठें दुखत तर नाहीं ना?" असें विचारावें.

आणि विद्यार्थि-मित्रहो, रस्त्यांत कोणी तुम्हांला मागें टाकून पुढें गेला, तर त्याला खुशाल जाऊं द्या. रोजचें धांवणें सांठविण्यासाठीं आहे, खर्चण्यासाठीं नव्हे. जो सांठा कराल, तो खर्च करावयाचा दिवस ठरलेला आहे. त्या दिवशीं मात्र कोणासाठींहि वाट सोडूं नका.