विश्लेषण : पांडा पाहिला, डहाणूचे कासव कधी पाहणार?

चीनच्या सिचुआन प्रांतातील पांडा बांबू कसा सोलतो, हे आशागडचा विद्यार्थी मोबाइलवर थेट पाहू शकतो. तिथून काही किलोमीटरवर, डहाणूच्या पारनाका येथे जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात. ते त्याने पाहिले आहे का?

पांडा-कॅमेऱ्याने काय साधले?
२०१३ पासून ‘आयपांडा’ ही चिनी वाहिनी पांडांचे चोवीस तास थेट चित्रण दाखवते. २०१६ मध्ये ‘आययूसीएन’ने पांडाला ‘संकटग्रस्त’ गटातून ‘असुरक्षित’ गटात आणले. हे यश राखलेल्या जंगलांचे आहे, कॅमेऱ्याचे नव्हे. मात्र कॅमेऱ्याने जगभर आपुलकी निर्माण केली आणि तीही प्राण्याला त्रास न देता.

डहाणूत काय घडते?
पावसाळ्यात अशक्त, जखमी कासवे लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात. त्यांत ऑलिव्ह रिडले अधिक. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकून अनेकांचे वल्ह्यासारखे पाय निकामी होतात. वन विभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्वेशन अँड अॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही संस्था त्यांच्यावर उपचार करतात.

मग कॅमेरा हवा का?
हवा. बघ्यांची गर्दी आजारी कासवाला सोसत नाही. कॅमेऱ्यामुळे ती टळेल. फरक एवढाच, की पांडा पडद्यावर रोज भेटतो, तर कासव बरे झाले की समुद्रात जाते. इथे टाकी रिकामी दिसणे हेच यश, ही समज प्रेक्षकाला द्यावी लागेल. ती अवघड नाही. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या कासवाला उपग्रह टॅग लावला गेला. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. पडद्यावर केवळ एक ठिपका होता, तरी लोक तिच्या प्रवासात गुंतले.

पाहून पुढे काय?
अडकलेले कासव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. खरी राखण तो करतो. स्वतःचे जाळे कापण्याचा निर्णय भर समुद्रात त्यालाच घ्यावा लागतो. म्हणून कॅमेऱ्याने कासवाबरोबर त्याचीही गोष्ट सांगावी. नाहीतर पांडासारखेच कासवही आपण कौतुकाने पाहू आणि मोबाइल खिशात ठेवून देऊ.