पोट दुखतंय, आज शाळा नको!

मैत्रिणींनो, नववीतली मुलगी दर सोमवारी 'पोट दुखतंय' म्हणू लागली तर आपण काय करतो? चिमूटभर ओवा देतो, नाहीतर 'अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय!' म्हणून मोकळ्या होतो. मीही तेच म्हटलं असतं. पण अंबाडीजवळच्या एका पाड्यावरची अशीच एक मुलगी आईबरोबर आमच्या बचत गटाच्या बैठकीला आली होती. चहाचे कप विसळताना हळूच म्हणाली, "काकी, नाक्यावर एसटीला उभी राहिले की दोन पोरं रोज मागे लागतात. पण घरी सांगू नका."

"का गं?"

"शाळाच बंद करतील."

तिचं काही चुकलं नव्हतं. छेड काढायची पोरांनी आणि दप्तर खुंटीला टांगायचं मुलीचं, ही आपली रीतच आहे! मग 'घरी बसून काय करणार?' म्हणत स्थळं बघायला सुरुवात, अठरा पुरी व्हायच्या आतच. म्हणून मुली गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं, लेकीचं छान चाललंय.

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला खरा, पण तो सहा ते चौदा वयासाठी, आठवीपर्यंतच. म्हणजे गणित डोक्यावरून जाऊ लागतं, पाळीच्या दिवसांत शाळेत अवघडल्यासारखं होतं, रस्त्यावरच्या नजरा टोचू लागतात, नेमका तेव्हाच हा आधार सुटतो. मुलग्यांचंही सोपं नाही. भिवंडीच्या गोदामातली मजुरी खिशात आली की पुस्तक नकोसं होतं. पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

वाईट हेतूने मुलीचा सतत पाठलाग करणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन नंबर दिवसरात्र चालू असतो. हे किती आयांना ठाऊक आहे?

मुलीला विचारूनच मी तिच्या आईशी बोलले. ती आधी मुलीवरच भडकली, "तूच हसली असशील!" मग रडली. दुसऱ्या दिवसापासून गटातल्या आम्ही चौघी आळीपाळीने सकाळी नाक्यावर उभ्या राहू लागलो. मुख्याध्यापकांनी पोरांच्या घरी निरोप धाडला. पंधरा दिवसांत पोरं दिसेनाशी झाली.

मुलगी आता दहावीत आहे. परवा पुन्हा म्हणाली, "काकी, पोट दुखतंय." मी चपापलेच. पण या वेळी कारण भूमितीचा पेपर होतं.